तिरंग्याला आतली बाजू नसते

ऐकता ऐकता एक करा, अंगातल्या शर्टाची बाजूची शिलाई उलटून बघा. काय दिसतं? कापलेल्या कडा, सुटलेले धागे, ओव्हरलॉकची दाट शिलाई. शिंप्याची सगळी झाकपाक आतल्या बाजूला. आता सांगा, झेंड्याची आतली बाजू कुठली?

नसतेच ना! वारा फिरला की मागची बाजू पुढे. म्हणून झेंडा शिवणं हे सदरा शिवण्यापेक्षा वेगळं काम आहे. आणि हे काम आपल्याकडे, नांदेडात होतं. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही खादीचा राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक. कर्नाटकातलं हुबळी हे त्यातलं दुसरं मोठं नाव. कापड विणलं जातं लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला, ध्वज शिवून तयार होतो नांदेडला.

हे 'आपल्याकडे' होतं याला मी एवढं महत्त्व का देतोय? कारण १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा फडकला तेव्हा नांदेड, उदगीर, लातूर ही सगळी गावं हैदराबाद संस्थानात होती. निजामाला भारतात यायचं नव्हतं. इथे तिरंगा हातात धरणं म्हणजे तुरुंगाची तयारी. ऑगस्ट १९४७ मध्येच स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, तेच स्वामीजी. आपला झेंडा उघडपणे वर जायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. म्हणजे तब्बल तेरा महिने उशीर.

बरं, झेंडा शिवायचा कसा, हे शिंप्याच्या मर्जीवर नाही. भारतीय मानकांच्या यादीत अगदी पहिला क्रमांक कशाचा, ओळखा. सिमेंट? पोलाद? नाही, राष्ट्रध्वजाचा. साल १९५१. आकार नऊच. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात छोटा १५० बाय १००, म्हणजे टेबलावरचा. लांबी-उंचीचं प्रमाण कायम ३:२. मोठ्या ध्वजाचा एकेक पट्टा १४०० मिलिमीटर उंच आणि त्यातल्या अशोकचक्राचा व्यास १२९५. वर-खाली मिळून जेमतेम १०५ मिलिमीटर पांढरं उरतं. पट्टे जोडताना शिलाई थोडी सरकली तरी चक्र एका बाजूला झुकलेलं दिसणार. शिवाय २४ आऱ्यांचं हे चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे.

इथे आपल्या नेहमीच्या शिलाई मशीनचा टाका कामी येतो. वरचा दोरा सुईतून, खालचा बॉबिनमधून, आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध. त्यामुळे शिलाई दोन्हीकडून सारखीच दिसते. अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत इलायस हाऊनं १८४६ मध्ये घेतलं. एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याचं तसं नाही. तो एकीकडून सरळ दिसतो, दुसरीकडून साखळीसारखा. वर दोऱ्याचं टोक सुटलं की सरसर उसवत जातो. आठवा, धान्याच्या पोत्याचं तोंड आपण कसं एका ओढीत उघडतो! वाऱ्यात दिवसभर फडफडणाऱ्या कापडाला तो काय उपयोगाचा?

सगळा ताण येतो काठीकडच्या कडेवर. म्हणून तिथे जाड, कॅनव्हाससारख्या खादीची पट्टी शिवतात, तिच्यातून दोरी जाते आणि दोरीला लाकडी गुल्ली असते. या भागाकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण माझ्या मते खरी कारागिरी इथेच आहे.

एक गोष्ट मात्र २०२१ मध्ये बदलली. तोवर ध्वजसंहितेनुसार ध्वजाचं कापड हातानं कातलेलं, हातानं विणलेलंच लागायचं. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं पॉलिस्टर आणि मशीनवर तयार केलेले ध्वजही चालू लागले. पुढच्याच वर्षी 'हर घर तिरंगा' आलं आणि स्वस्त झेंडे घरोघरी पोचले. घरावर झेंडा लागला याचा आनंद मलाही आहे. पण एका खादीच्या ध्वजामागे कातणारी, विणणारा, रंगारी, शिवणारी असे कितीतरी हात असतात, आणि पॉलिस्टरशी किमतीत त्यांची बरोबरी होऊच शकत नाही.

येत्या १७ सप्टेंबरला गावात झेंडावंदनाला जाल, तेव्हा झेंडा वर जाण्याआधी त्याची काठीकडची पट्टी जवळून बघा. पॉलिस्टर आहे की उदगीरची खादी, हे आम्हाला कळवा.