आपत्तीत पहिला सवाल: अमीर कोण?

पूर आला, इमारत कोसळली, आग लागली की आपल्या मोहल्ल्यात मदतीला माणसं कमी पडत नाहीत. मशिदीच्या माईकवर एलान झालं की थोड्या वेळात तरुण जमतात. कमी पडतं ते नियोजन. एकाच गल्लीत जेवणाची पाकिटं दोनदा पोहोचतात आणि मागच्या गल्लीतल्या आजारी दादीला पाणीही मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे 'घटना प्रतिसाद प्रणाली'. १९७० साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मोठे वणवे पेटले. अनेक दलं धावली, पण प्रत्येकाचे हुकूम वेगळे, भाषा वेगळी. त्या गोंधळातून ही पद्धत जन्मली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जिल्ह्यात तिची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते.

प्राथमिक प्रशिक्षणात मुख्यतः चार गोष्टी शिकवतात.

१. प्रमुख एकच. प्रवासात तिघे असले तरी एक अमीर नेमण्याची सुन्नत आपल्याला ठाऊक आहेच. इथेही तेच.

२. कामाची वाटणी. प्रत्यक्ष बचावकार्य एका गटाकडे, माहिती आणि नियोजन दुसऱ्याकडे, सामान-वाहन-खर्च तिसऱ्याकडे.

३. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, फार तर सात. त्याहून जास्त झाले की नवा गट करायचा.

४. सूत्रे सोपवणे. सरकारी पथक आलं की काय झालं, कोण अडकलंय, ही यादी त्यांच्या हाती द्यायची आणि त्यांच्या हुकमाखाली काम करायचं.

हे आपल्याला का हवं? २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्यात गेले. रस्तेच बुडाले, तेव्हा बाहेरची पथकं पोहोचायला वेळ लागला. अशा पहिल्या तासांत शेजारीच शेजाऱ्याला वाचवतो. पण न शिकता पाण्यात उडी मारणारा स्वतःच बुडू शकतो. म्हणून स्वतःची सलामती आधी, हा या प्रशिक्षणातला पहिला धडा.

शिकायचं कुठे? प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढवली गेली. तीत १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं: प्रथमोपचार, शोध, सुटका. सध्या कोणतं प्रशिक्षण उपलब्ध आहे, याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. मुलींनाही जरूर पाठवा. घरात अडकलेल्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात.

तोवर जमातीने एवढं करावं. पावसाळ्याआधी एक अमीर आणि एक नायब ठरवावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, गरोदर बायकांची, अपंगांची गल्लीनिहाय यादी करावी. त्यात आपले-परके बघू नये, मोहल्ल्यातलं प्रत्येक घर धरावं. आणि हे नंबर मशिदीच्या फळ्यावर लिहावेत: आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

मदतीची नियत आपल्याकडे आहेच. तिला तरतीब दिली, तर इन्शाअल्लाह जास्त जीव वाचतील.