साडेअकरा पौंडांचा हिशेब



बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या पोराटोरांना तोंडपाठ आहेत. पण त्या पदव्यांचा खर्च कसा भागला, हे आपण क्वचितच सांगतो. पगाराच्या तारखेकडे डोळे लावून जगणाऱ्या कष्टकऱ्यांनी तो हिशेब आधी वाचला पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

१९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. त्यातूनच घरीही पैसे धाडायचे. तरीही पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या बाजारातून दोन हजारांच्या आसपास ग्रंथ जमवले. याला कोणी कंजुषी म्हणू नये. एके ठिकाणी हात आखडला तो दुसरीकडे ज्ञानासाठी सैल सोडता यावा म्हणून.

१९१६ साली ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. म्हणजे मुदत ठरलेली आणि खिसा रिकामा! नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगाराची नोकरी मिळाली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पण साहेबी थाट न करता बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले आणि पगारातून शिल्लक टाकत गेले. त्यात छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचं कर्ज, अशी जुळवाजुळव करून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. कर्ज घेतलं, पण आधी स्वतःची शिल्लक टाकली आणि घेतलं ते शिक्षणासाठी, हे विसरू नये.

लंडनात सकाळी चहा, पावाचा तुकडा, थोडा मासा. दुपारचं जेवण बहुधा नाहीच. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. १९२३ साली पैसे संपत आले, तेव्हा ते मुंबईला परतले. दुरुस्त केलेला प्रबंध इथूनच पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली.

आता या हिशेबातली दुसरी बाजू. साहेब परदेशात असताना इथं चूल पेटती ठेवली ती माता रमाईंनी. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १९३५ साली त्या स्वतःही गेल्या. म्हणून आम्ही स्पष्टच लिहितो, काटकसर ही एकट्या बाईच्या ताटातून होता कामा नये. तिने अर्धपोटी राहायचं आणि आपण पानाची टपरी नि लग्नाचा बँड सांभाळायचा, हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. म्हणजे उपभोगाचीही मनाई नाही, फक्त त्याला माप आहे.

विहाराच्या या वर्धापनदिनी प्रत्येक घरात नवरा-बायकोने एकत्र बसून एका वहीत महिन्याचा हिशेब मांडावा आणि पहिली ओळ मुलामुलींच्या शिक्षणाची लिहावी, एवढीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!