एक तोळ्याची गोळी

बंदुकीशी माझा संबंध एवढाच, की आमच्या बँकेच्या दारातला वॉचमन आपली दुनळी घेऊन माझ्या काउंटरशेजारी उभा राहतो. तो उभा असेपर्यंत खातेदार माझ्याशी सौजन्यानं बोलतात. तो चहाला गेला, की सौजन्यही चहाला जातं.

त्यामुळे रात्री अकरा वाजता पेनसिल्व्हेनियाहून अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावाचा, फोन आला आणि त्यानं विचारलं, "अरे, हरणाला कितीची रायफल घ्यावी?" तेव्हा मला वाटलं, राँग नंबर. आमच्या घराण्यात आजवर झुरळसुद्धा चर्चा केल्याशिवाय मारलेलं नाही.

पण प्रकरण खरं होतं. अण्णाच्या पंधरा वर्षांच्या चिरंजिवांनी शिकारीच्या सुरक्षिततेचा रीतसर कोर्स पास केला होता आणि शेजारचे आजोबा त्याला रानात नेणार होते. त्या राज्यात हरणांचा हंगाम हा सणच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तो सुरू व्हायचा, २०१९पासून शनिवारी होतो. पण बऱ्याच शाळा सोमवारची सुट्टी अजून सोडायला तयार नाहीत. सुट्टीच्या बाबतीत माणूस इथून तिथून सारखाच.

"पण मला का विचारतोस?"

"तू बी.कॉम. आहेस. दुकानात नुसते आकडेच आकडे आहेत." मग आवाज खाली आला. "आणि एक सांगू? नेम हुकून जनावर जखमी झालं आणि तसंच रानात पळालं, तर पोरगा जन्मभर विसरणार नाही. मीही."

यावर विनोद सुचेना. मी पुस्तकं आणली आणि वाचायला बसलो.

पहिल्या रात्रीच लक्षात आलं, की या धंद्यात ऑडिटर कधी फिरकलेलाच नाही. १८७३ सालचं .४५-७० हे काडतूस घ्या. पॉइंट पंचेचाळीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाचा भाग. आणि सत्तर म्हणजे आतली दारू, सत्तर ग्रेन. (दारू म्हणजे बंदुकीची. हा खुलासा मी बायकोलाही केला.) १८९५चं .३०-३० तसंच: व्यास तीस, बिनधुराची नवी दारू तीस ग्रेन. इथवर खातं जुळतं. पुढे .३०-०६ येतं. मी म्हटलं, सहा ग्रेन दारूत हरीण काय, चिमणीही उठायची नाही. तर ०६ हे साल! १९०६! अमेरिकन सैन्यानं ते काडतूस त्या वर्षी घेतलं म्हणून. रकमेच्या रकान्यात तारीख लिहिणाऱ्या कारकुनाला आमच्याकडे मेमो मिळतो. तिकडे त्याचं काडतूस शंभरावर वर्षं खपतं आहे.

१९१५ साली सॅव्हेज कंपनीनं .२५०-३००० काढलं. तीन हजार ना दारू, ना साल. तो गोळीचा वेग, सेकंदाला तीन हजार फूट! हा आकडा गाठण्यासाठी त्यांनी गोळी हलकी, सत्याऐंशी ग्रेनची केली. थोडक्यात, जाहिरात आधी, माल नंतर.

१९२५च्या .२७०ची गोळी प्रत्यक्षात .२७७ भरते. कारण रायफलच्या नळीत आतून चर पाडलेले असतात; कोणी चरांच्या माथ्यापासून मोजतं, कोणी तळापासून. फ्लॅट घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. एक कार्पेट, एक बिल्टअप.

या .२७०वरून तिकडे पुण्याला शोभेल असा वाद झाला. जॅक ओ'कॉनर हा पत्रकारितेचा प्राध्यापक मासिकातून तिची तरफदारी करी. हलकी आणि वेगवान गोळी, नेम नीट, काम चोख. एल्मर कीथ हा गुरं राखलेला गडी म्हणे, गोळी जाड आणि जड हवी. दशकानुदशकं दोघे भांडले. हरणांचं मत कोणी घेतलं नाही.

आपल्याकडेही आकड्यांनी करमणूक केली आहे. फौजेची काडतुसं बंडखोरांच्या हाती जातील या भीतीनं इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. लगेच विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० असे शेजारचे आकडे काढले. कायद्याची पळवाट ही आपली देशी कला असल्याचा माझा गैरसमज तिथे दूर झाला. पुढे १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीनं शिकारीचं उरलंसुरलं दारही लागलं. बरंच झालं.

मग अमेरिकेत का चालतं? १९०० सालच्या सुमारास तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं बेसुमार शिकारीनं पाच लाखांवर आली होती. मग कडक नियम झाले. १९३७ साली कायदा होऊन बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी लावला गेला. आज हरणं तीन कोटींच्या घरात आहेत, शेतं खातात, मोटारींवर आदळतात. हिशेब मला पटला. मनाला पटायला वेळ लागतो आहे.

आता सोनेतारण खात्याचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. .३०-०६ची एक फार लोकप्रिय गोळी एकशेऐंशी ग्रेनची. आणि आपला तोळाही बरोब्बर एकशेऐंशी ग्रेन! त्या रात्री मी झोपेत "एक तोळा" म्हणून दोनदा ओरडलो.

शेवटी अण्णाला कळवलं: १९५५ची .२४३ घे. शंभर ग्रेनची गोळी, अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. .३०-०६पेक्षा धक्का जवळजवळ निम्मा. धक्क्याची धास्ती बसली, की पोरगं चाप ओढताना डोळे मिटतं, आणि जखमी जनावर तिथेच होतं. बोअर कुठलीही असो, गोळी खांद्यामागे, काळीज-फुप्फुसात गेली पाहिजे. तशी जागा दिसली नाही, तर झाडायचीच नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी घड्याळाकडे बघत बसलो. मन कोणाच्या बाजूनं होतं, सांगत नाही.

फोन आला. शिंगवाला नर समोर आला होता, आडवा, जवळ. पण त्याच्या बरोब्बर मागे एक मादी उभी होती. गोळी आरपार गेली असती. पोरानं चापावरचं बोट काढलं.

"रडला का रे?"

"नाही. म्हणाला, काकाला सांग, काडतूस शिल्लक आहे."

मी फोन ठेवला. बराच वेळ बोलवेना. एवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे ते एक तोळा, एक तोळा हरणाचं होतं होय? मला वाटलं, पाडव्याचं राहिलेलं आता आणताय."