बाळगणे आणि साठवणे : गिरगाव, दारूबंदी कायदा आणि पोर्टवाइन

मुंबईतील मद्याच्या इतिहासाचा विचार बहुधा अबकारी महसूल आणि दारूबंदीची चळवळ या दोन अंगांनी केला जातो. मद्य विकत घेऊन ते वर्षानुवर्षे जपून ठेवणे, हे तिसरे अंग त्यामानाने दुर्लक्षित आहे. ‘पोर्टवाइन’ हा शब्द मराठी घरांत चांगलाच परिचित झाला. पण पोर्ट साठवण्याची रीत मात्र येथे रुजली नाही. असे का झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात गिरगाव परिसराच्या संदर्भात करावयाचा आहे.

पोर्टचे मूळ पोर्तुगालच्या उत्तरेकडील दौरो नदीच्या खोऱ्यात आहे. या प्रदेशाची सीमानिश्चिती १७५६ मध्ये पोंबालच्या पुढाकाराने झाली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात तीव्र मद्यार्क मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, गोडवा टिकतो आणि मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जाते. दशकातून साधारण तीन वेळा, हंगाम असामान्य ठरला तर, त्या एकाच वर्षाच्या द्राक्षांची ‘व्हिंटेज’ पोर्ट जाहीर होते. ती पिंपात दोनतीन वर्षेच राहते. पुढची वाढ बाटलीत होते आणि तिला वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते. जागा अंधारी आणि थंड लागते. तळाशी गाळ बसत असल्याने पिण्यापूर्वी ती निवळून घ्यावी लागते. थोडक्यात, नवी व्हिंटेज घेणारा मनुष्य ती भर तारुण्यात विकत घेतो आणि उतारवयात उघडतो.

गिरगावची जुनी मद्यपरंपरा नेमकी याच्या उलट होती. माडांच्या वाड्यांचा हा भाग. भंडारी समाज येथे माडी काढीत असे. पहाटे उतरविलेली माडी दिवसभरात आंबट होते. तिचा साठा करणे शक्यच नाही. पुढे वाड्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. एका-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तळघर कोठून येणार? लोणच्याची बरणी मावली तरी पुष्कळ! शिवाय शहराचे वार्षिक सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास. उष्णतेने मदिरा बेटावरील मद्य सुधारते, असा अनुभव जहाजांच्या लांब सफरींतून आला होता. व्हिंटेज पोर्टला मात्र ती मानवत नाही.

तथापि केवळ हवामानाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. गिरगावपासून फार दूर नसलेल्या फोर्टमध्ये आयात मद्याच्या पेढ्या होत्या. त्यांपैकी फिप्सन यांची पेढी निसर्गाभ्यासकांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला हर्बर्ट फिप्सन यांनी आपल्या पेढीतच जागा दिली होती. म्हणजे आयात मद्याचा व्यापार येथे होता आणि ऐपत असलेला वर्गही होता. निर्णायक ठरला तो कायदा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याचा रोख मुख्यतः महसुलावर होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळाने डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने शहरात दारूबंदी आणली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ही बंदी पुढे ढिली पडली. नंतरच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने केवळ विक्री वा प्राशन नव्हे, तर मद्य ‘बाळगणे’ हेही निषिद्ध केले. एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी आली. १९२७ ची व्हिंटेज फार नावाजली गेली. ती १९३० च्या सुमारास येथे कोणी घेतली असती, तर बाटली पिण्याजोगी होण्याच्या वेळीच ती बाळगणे गुन्हा ठरले असते. ज्या वस्तूचे सारे मोल दीर्घकाळ बाळगण्यात आहे, तिच्यावर याहून मूलगामी आघात संभवत नाही.

या तरतुदींना एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले. व्हिस्की, बिअर, वाइन यांच्याबरोबरच औषधी वाइन आणि कोलन वॉटर बाळगण्याचा हक्कही त्यांनी मागितला होता. २५ मे १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांपुरती बंदी अवैध ठरविली; पिण्याच्या मद्यावरील बंदी कायम राहिली. धार्मिक विधीतील वाइनसाठी अधिनियमात स्वतंत्र सवलत होती, ही गोष्ट गिरगावातील ख्रिस्ती वस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची. इतरांस प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळे. पण त्याचा हिशोब महिन्याच्या ठरावीक परिमाणाचा. वीस वर्षांनी उघडावयाची बाटली या हिशोबात बसणारी नव्हती. १९६० च्या दशकापासून बंधने शिथिल होत गेली, तरी हे परवान्याचे तत्त्व टिकून राहिले.

मराठी घरांत पोर्टवाइन उरली ती शक्तिवर्धक म्हणून, किंवा गोव्याहून येताना आणलेली गोड, तांबडी, स्वस्त बाटली म्हणून. ही गोव्याची पोर्ट ताजी विकली जाते आणि ताजीच प्यायली जाते. दौरोच्या खोऱ्याशी तिचा संबंध नावापुरताच. पोर्तुगालच्या ‘पोर्टो’ या नावाची आता भारतातही भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली आहे. १९४९ चा अधिनियम मात्र ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या बदललेल्या नावाने आजही लागू असून, त्यानुसार घरात मद्य बाळगण्यास परवाना लागतो.