दातखीळ : मान आणि जबडा यांच्या शेजाराची गोष्ट

‘दातखीळ बसली’ असे आपण आज सहज म्हणतो. साहेबांसमोर कुणाला बोलता आले नाही, की त्याची दातखीळ बसते; थंडीने बसते, भुताच्या गोष्टीने बसते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी मात्र नगर जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर हा शब्द उच्चारला, की घरातली बाई पदर तोंडाला लावी. पायात काटा मोडलेला असे, खुरप्याची जखम असे, ती भरतही आलेली असे. आठवडाभराने घास चावता येईनासा होई, मग तोंडच उघडेना, मग मान ताठ, आणि शेवटी पाठ धनुष्यासारखी मागे वळे. धनुर्वात हे नाव त्या वळण्यावरून पडले.

आधी जबडा आणि मग मान, या क्रमाला कारण आहे. जखमेतल्या जंतूंचे विष मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे आणि मज्जारज्जूकडे चढते. जबड्याची वाट आखूड, म्हणून तिथले स्नायू आधी आवळतात. कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने 1889 मध्ये हे जंतू वेगळे वाढवून दाखवले आणि पुढच्याच वर्षी बेरिंगबरोबर प्रतिविषाचा शोध जाहीर केला. ते आपल्या खेड्यांपर्यंत पोचायला मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला.

या रोगाची भीती एवढी मोठी होती, की मान आणि जबडा यांची साधी दुखणी तिच्या सावलीत दिसेनाशी झाली असावीत, असे मला वाटते. आपले जुने ग्रंथकार इथे अधिक सावध होते. वैद्य पंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली नगरमध्ये आयुर्वेद महाविद्यालय काढले. आयुर्वेदाच्या अशा पाठशाळांत जे ग्रंथ लावले जातात, त्यांत मन्यास्तंभ, हनुग्रह आणि धनुस्तंभ ही तीन वेगळी दुखणी आहेत. मन्या म्हणजे मानेच्या शिरा, हनु म्हणजे जबडा. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे, मान वर करून पाहत राहणे ही मन्यास्तंभाची कारणे सुश्रुतसंहिता सांगते, आणि उपाय कोरड्या शेकाचा व नस्याचा. सुटलेला जबडा बसवण्याची चरकसंहितेतली रीत तर वाचून चकित व्हावे अशी आहे: आधी शेक द्यायचा, मग उघड्या तोंडात अंगठ्यांनी खाली दाबायचे आणि बोटांनी हनुवटी वर उचलायची. ग्रीक वैद्यांची रीत याच जातीची आहे. आजचा दंतवैद्यही जवळजवळ हेच करतो, फक्त हातमोजे घालून.

धनुर्वात हटला तो मात्र लसीने आणि स्वच्छ पात्याने. त्यात जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली जामखेडला आले, तेव्हा त्या भागात हजारी 176 अर्भके वर्षाच्या आत दगावत. त्यांतली काही नाळेच्या जखमेतून शिरलेल्या धनुर्वाताने जात. बाळ अंगावर पिणे सोडी, कारण त्याला तोंडच उघडता येत नसे. पाचव्या रात्री सटवीपुढे दिवा लावून जागत बसण्यात याच दिवसांचे भय असेल का? हा माझा अंदाज, पुरावा नव्हे. आरोळ्यांनी गावोगावच्या बायांना, त्यांत अनेक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गरोदर बाईला टोचणी आणि नाळेला निर्जंतुक पाते, एवढे त्यांनी घरोघर पोचवले. 2015 साली भारतातून माता-अर्भकांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

मग साधी दुखणी उघडी पडली.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर 30-40 किलोची मोळी, आणि फळीवरून तोल सावरत गाडीत चढायचे. ओझे उचलताना माणूस दात आवळतो. हे कुणाला शिकवावे लागत नाही. माझी एक चुलती वीस हंगाम अशी मोळी वाहत होती. तिचा डावा जबडा कानापासून दुखे, जांभई दिली की कटकन वाजे. एका दवाखान्यात दाढ काढली, वर्षाने शेजारची काढली. दुखणे तसेच राहिले.

यात वैद्यकाची एक जुनी चूक दिसते. अमेरिकेतले कान-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी 1934 मध्ये कान आणि जबड्याच्या अशा दुखण्याचे खापर दात पडून बिघडलेल्या चाव्यावर फोडले. त्यानंतर कित्येक दशके दात घासणे, चावा उंच करणे यांतच उपाय शोधला गेला. मान कोणी पाहिली नाही. खरे तर चेहऱ्याच्या वेदना वाहणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचे केंद्र मेंदूतून थेट मानेच्या वरच्या भागापर्यंत उतरते आणि मानेच्या पहिल्या दोन-तीन तंतूंचे निरोपही तिथेच येतात. एकाच चावडीवर दोन गावांच्या तक्रारी. कोणती कुठली हे मेंदूला नेमके कळत नाही. म्हणून मानेचा स्नायू आखडतो आणि कळ जबड्यात जाणवते.

प्रत्येक जबडेदुखी मानेतून येते असे मात्र नव्हे. आपल्याकडे तोंड कमी उघडत असेल, तर गुटखा-सुपारीची चौकशी आधी व्हायला हवी. मान आणि जबडा यांत कोण कोणाला दुखवतो, हा वादही मिटलेला नाही. एवढे मात्र आता बहुतेक मानतात, की परत फिरवता येईल असा उपाय आधी करावा: मऊ अन्न, गरम शेक, दात एकमेकांवर टेकू न देण्याची सवय, मानेचा आणि जबड्याचा व्यायाम, लागलीच तर रात्री दातांवर बसवायची पट्टी. शस्त्रक्रिया अगदी शेवटी.

प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, आणि त्याच लोणीत आज दंतमहाविद्यालय आणि भौतिकोपचाराचे महाविद्यालय दोन्ही आहेत. उसाची मोळी, दात आणि मान एका गावात आली, असे म्हणायला हरकत नाही. चुलतीला उशिरा का होईना, कोणीतरी मानेला हात लावून पाहिले. ती आता हनुवटी आत ओढून भिंतीला डोके टेकवते, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, आणि ओल्या फडक्याने शेकते. कळ बरीच उतरली आहे. भाकरी मात्र उजव्या बाजूनेच चावते. डावीकडे दाढा नाहीत.