माटोळीपासून मिश्रमाध्यमापर्यंत

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आपण जी माटोळी बांधतो, तिच्याकडे आम्ही आजवर कला म्हणून पाहिलेच नव्हते. लाकडी चौकट, तिला टांगलेले नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, चिबूड, रानातली कौंडळे, कांगण्या. आज कलादालनांत ज्याला मिश्रमाध्यम म्हणतात, त्याचेही तत्त्व हेच: वस्तूचे चित्र काढायचे नाही, वस्तूच मांडायची.

युरोपात हे नवे मानले गेले. जर्मनीतील हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सने १९१९ पासून ट्रामची तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्रांचे कपटे चिकटवून कलाकृती केल्या. त्याचा कच्चा माल शहराचा कचरा होता. आपला, भोवतालचे रान. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, म्हणजे फार उशिरा, पोर्तुगिजांकडे गेले. बाटवाबाटवीचा जोर तोवर ओसरला होता. म्हणून या नव्या काबिजादींत देवळे राहिली, चतुर्थी राहिली, माटोळीही राहिली.

मुक्तीनंतर चित्र पालटले. डिचोलीत खाणी वाढल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या. पणजीत १९७२ साली कला महाविद्यालय निघाले, तेव्हापासून गोव्याच्या मुलांना घराजवळ कलाशिक्षण मिळू लागले. डॉक्टरकी सोडून कलेकडे वळलेले सुबोध केरकर यांनी २०१५ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत 'म्युझियम ऑफ गोवा' उभारले. साळगावात त्यांनी टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा भलामोठा रंगीत गालिचा अंथरला होता. गालिचा सुंदर दिसतो. पण तो आपणच पिऊन फेकलेल्या पाण्याचा हिशेब आहे, हे कळले की पाहणारा गप्प होतो. २०१६ पासून पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवातही अशा मांडण्या पाहायला मिळतात.

पेडण्यात आता हा विषय दारात आला आहे. मोपा विमानतळाचे काम पर्यावरणाच्या प्रश्नावरून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवले, २०२० मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. पठारावरची झाडे गेली. ज्या पत्रादेवीला १९५५ साली सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, तिथून आत येताना आज घरे-बंगल्यांच्या विक्रीचे फलक दिसतात. रोजगार आला, रस्ते झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण कौंडळ आता रानातून आणण्याऐवजी बाजारात विकत घ्यावे लागते, आणि कुठे कुठे प्लॅस्टिकची फळेही टांगलेली दिसतात.

श्विटर्सने कचऱ्यातून कला केली, कारण त्याच्याजवळ तेच उरले होते. आपल्यावर ती वेळ अजून आलेली नाही. म्हणून यंदा प्रत्येक घराने माटोळी उतरवण्यापूर्वी एक यादी करावी: कोणती वस्तू, कुठल्या रानातली की कुठल्या दुकानातली, कोणी आणली. दरवर्षीच्या याद्या शेजारी ठेवल्या, की आपल्या गावांचा इतिहास आपोआप लिहिला जाईल.

गणपती बाप्पा मोरया!