संमतिवयाचा कायदा आणि डॉ. भांडारकरांची शास्त्रचर्चा

राज्यकर्त्यांनीं कायदा करतांना संशोधकाचें मत घ्यावें काय, व घेतल्यास त्याचा अधिकार कोठवर मानावा, हा प्रश्न शके १८१२ मधील संमतिवयाच्या वादांत फार स्पष्टपणें पुढें आला. त्या वादाचें राजकीय अंग सर्वांस ठाऊक आहे; येथें पोथ्यांच्या अंगाचा विचार करावयाचा आहे.

१८६० च्या दंडसंहितेंत विवाहित स्त्रीपुरतीही संमतीची मर्यादा १० वर्षांची होती. १८९० मध्यें कलकत्त्यास सुमारें ११ वर्षांची फुलमणि दासी पतिसमागमामुळें मरण पावली. पण तिला दहा वर्षें पुरीं झालेलीं असल्यामुळें पतीवर बलात्काराचा गुन्हा शाबीत होऊं शकला नाहीं. ९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्र्यू स्कोबल यांनीं ही मर्यादा १२ वर्षांवर नेणारें बिल मांडलें. मुलीस त्यापूर्वीं ऋतु प्राप्त झाल्यास गर्भाधानसंस्कार वेळेवर होणार नाहीं व धर्मलोप होईल, असा आक्षेप निघाला. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यांत धर्मांत हात न घालण्याचें अभिवचन असल्यामुळें कायद्याचा प्रश्न पाहतां पाहतां वचनांच्या अर्थाचा प्रश्न झाला. बंगाल्यांत रघुनंदनाचा आधार पुढें करण्यांत आला.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८९१ मध्येंच धर्मशास्त्रांतील विवाहवय व गर्भाधान यांवर इंग्रजी टिपण प्रसिद्ध केलें. मुंबई सरकारसाठीं संस्कृत हस्तलिखितें शोधण्याचें व त्यांवर अहवाल लिहिण्याचें काम त्यांनीं अनेक वर्षें केलें होतें. तो संग्रह १९१८ मध्यें त्यांच्याच नांवाच्या संशोधन मंदिराकडे आला. बिलानें धर्मशास्त्राचा भंग होत नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष. मूळ ग्रंथ पाहिले म्हणजे या मताचें बळ कळतें. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहानंतर तीन रात्री, बारा रात्री किंवा एक वर्ष ब्रह्मचर्य सांगतें. वधू वयांत आलेली नसती तर या नियमास अर्थ काय राहता? ऋतुमती कन्येनें तीन वर्षें वाट पाहून स्वतः वर निवडावा असें मनु सांगतो. पुढील स्मृति व निबंध यांचा सूर अर्थातच निराळा आहे. सूत्रें, स्मृति व निबंध एकाच काळाचे समजून वचनें एकमेकांवर फेंकणाऱ्यांपेक्षां कालक्रम लावणाऱ्याचें काम येथें मोलाचें ठरलें. टिळकांनीं हे अर्थ मान्य केले नाहींत. परक्या सरकारनें यांत पडूं नये हा त्यांचा आक्षेप तर पोथ्यांनीं सुटणारा नव्हताच.

१९ मार्च १८९१ रोजीं बिल मंजूर झालें. विद्वानांचा वाद मात्र तेथें थांबला नाहीं: जर्मन पंडित यॉली यांच्या लेखास उत्तर म्हणून भांडारकरांचा बालविवाहाच्या इतिहासावरील निबंध १८९३ मध्यें जर्मन प्राच्यविद्या परिषदेच्या नियतकालिकांत आला.

आमच्या मतें भांडारकरांनीं आपल्या अधिकाराबाहेरचें कांहीं सांगितलें नाहीं. शास्त्र आड येतें कीं नाहीं, एवढ्याच प्रश्नाचें उत्तर संशोधक देऊं शकत होता. बारा हा आंकडा कोणत्याही वचनांतून निघाला नव्हता. शरीराचा विचार करणारा सुश्रुत तर सोळा वर्षांखालील स्त्रीचा गर्भ निषिद्ध मानतो. फुलमणीच्या देहाचें काय झालें, हें सांगणारी साक्ष वैद्यांचीच होती.

१९२८ मध्यें याच विषयावर सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिनें प्रश्नपत्रिका पाठविल्या आणि डॉक्टरांच्या व स्त्रियांच्याही साक्षी घेतल्या. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीचें विवाहवय १४ ठरलें.